प्युजेट साउंडचे खेकडे: निम्मे जमातींचे, मग उरलेल्या निम्म्यात भांडण कोणाचं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सिएटलजवळ राहणारं एक मराठी कुटुंब काही वर्षांपासून उन्हाळ्यात प्युजेट साउंड या समुद्राच्या आत शिरलेल्या खाडीत छोट्या बोटीने क्रॅबिंगला, म्हणजे खेकडे धरायला, जातं. त्यांना माणशी दिवसाला पाच डन्जनेस जातीचे खेकडे ठेवता येतात, मंगळवार-बुधवार बंद, मादी दिसली की परत पाण्यात. 1 जुलैला हे पॉट, म्हणजे खेकड्यांचे पिंजरे, टाकायला जातात तर कळतं की मूळनिवासी जमातींच्या होड्या आधीच येऊन गेल्यात. ऑक्टोबर लागला की परवानाधारक व्यावसायिक बोटी उतरतात. "जमातींची लोकसंख्या ती केवढी, आणि निम्मे खेकडे त्यांचे. ही वाटणी न्याय्य कशी?" हा मुख्य प्रश्न. पोटप्रश्न असा की बंदरावर जमातीच्या मच्छिमाराकडून थेट खेकडे विकत घेणं कायद्यात बसतं का.

मी रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकले आणि नंतर बरीच वर्षं याच पाण्यात पॉट ओढून खेकडे मोजण्याचं, त्यांची कवचं दाबून बघण्याचं काम केलं. तिन्ही बाजूंच्या लोकांबरोबर एका टेबलावर बसले आहे, आणि तिघांच्याही शिव्या खाल्ल्या आहेत. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

पहिली गोष्ट, ही तिघांमधली वाटणी नाहीच. इथे दोन वाटण्या आहेत, एकीच्या पोटात दुसरी. पहिली जमाती आणि वॉशिंग्टन राज्य यांच्यात. ती कराराने ठरलेली आहे आणि न्यायालयाने पक्की केलेली आहे. दुसरी राज्याच्या वाट्यात हौशी आणि व्यावसायिक यांच्यात. ती धोरणाने ठरते, आणि धोरण बदलता येतं. लोक या दोन्ही एकत्र करतात आणि मग ज्या गोष्टीवर वाद घालून उपयोग नाही तिथे घसा कोरडा करतात, आणि जिथे त्यांच्या बोलण्याने फरक पडेल तिथे सभेला फिरकतही नाहीत.

1854-55 च्या हिवाळ्यात वॉशिंग्टन टेरिटरीचे (राज्य होण्याआधीच्या प्रदेशाचे) गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यांनी मेडिसिन क्रीक, पॉइंट एलियट, पॉइंट नो पॉइंट, नीआ बे अशा ठिकाणी एकामागून एक करार उरकले. जमातींनी जवळजवळ सगळी जमीन सोडली. बदल्यात लहान राखीव वस्त्या, थोडे पैसे, आणि एक कलम मिळालं: आपल्या नेहमीच्या, वहिवाटीच्या ठिकाणी मासे धरण्याचा हक्क त्यांच्याकडेच राहील, टेरिटरीतल्या सगळ्या नागरिकांच्या बरोबरीने. ही बोलणी चिनूक जार्गन नावाच्या, काहीशे शब्दांच्या बाजारबोलीतून झाली. म्हणूनच अमेरिकी न्यायालयांचं तत्त्व असं की कराराचा अर्थ त्या वेळी समोर बसलेल्या जमातींना जसा समजला असेल तसा लावायचा.

आपल्याकडे सातबाऱ्यावर 'इतर हक्क' असा रकाना असतो ना, तसं हे प्रकरण आहे. जमीन विकली गेली, मालकाचं नाव बदललं, तरी त्या रकान्यात नोंदलेला हक्क मालक बदलला म्हणून पुसला जात नाही. 1905 मध्ये विनान्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं: करार म्हणजे सरकारने जमातींना दिलेले हक्क नव्हेत, जमातींनी सरकारला दिलेले हक्क आहेत, जे दिलं नाही ते त्यांच्याकडेच राहिलं. तेव्हा "सरकार त्यांना निम्मे खेकडे का देतं?" हा प्रश्नच उलटा आहे. तुम्हाला आणि मला मिळतात ते खेकडे त्या कराराने आपल्याकडे आलेल्या वाट्यातले आहेत.

निम्मा हा आकडा मात्र करारात नाही. तो आला 12 फेब्रुवारी 1974 ला, न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांच्या निकालातून, आणि तो होता सामन माशांसाठी. त्याआधी राज्याने जमातींच्या माणसांना नदीत जाळी टाकल्याबद्दल वर्षानुवर्षं अटका केल्या होत्या. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनिअर तर लहान वयापासून कित्येकदा पकडले गेले होते. "नागरिकांच्या बरोबरीने" म्हणजे पकडण्याजोग्या माशांपैकी 50 टक्क्यांपर्यंत, असा अर्थ बोल्ट यांनी लावला. बिगर-जमाती मच्छिमार इतके खवळले की न्यायाधीशांचे पुतळे टांगले गेले आणि राज्याने अंमलबजावणीत जमेल तेवढे अडथळे आणले. 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल मूलतः कायम ठेवला. त्यातली एक बारीक गोष्ट लोकांना माहीत नसते. 50 टक्के ही कमाल मर्यादा आहे. कमी मासळीत जमातीचा चरितार्थ नीट चालत असेल तर वाटा कमी करता येईल, असं न्यायालयाने म्हटलं. प्रत्यक्षात ती वेळ आलेली नाही, आणि या वस्त्यांमधली परिस्थिती पाहिली तर नजीकच्या काळात येईल असं मला वाटत नाही.

खेकडे, शिंपल्या, जिओडक (मोठ्या आकाराची एक शिंपली) यांचं काय, हा खटला 1989 मध्ये उभा राहिला. राज्याचं म्हणणं होतं की 1855 मध्ये जमाती खोल पाण्यातले खेकडे धरत नव्हत्या, मग तो हक्क कसा? न्यायाधीश एडवर्ड राफीडी यांनी डिसेंबर 1994 मध्ये ते फेटाळलं. करारात जातींची यादी नाही आणि अवजारांचीही नाही. गोऱ्यांना नवीन बोटी आणि नवीन पॉट वापरता येतात तर जमातींनाही येतात. करारात शिंपल्यांबद्दल एक अपवाद होता, की नागरिकांनी खुंट्या मारून राखलेल्या किंवा लागवड केलेल्या ताटव्यांना हात लावायचा नाही. तो त्यांनी मानला, पण माणसाने तयार केलेल्या ताटव्यांपुरताच. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचं अपील ऐकायला नकार दिला आणि विषय मिटला. गेली पंचवीसहून अधिक वर्षं दरवर्षी राज्य आणि जमाती विभागवार बसून योजना ठरवतात.

आता "लोकसंख्या ती केवढी" याबद्दल. हा वाटा डोकी मोजून दिलेला नाही. करार दोन सत्तांमध्ये झाला होता, दोन जमावांमध्ये नव्हे. जमातीच्या वाट्यातून कोणी किती पॉट टाकायचे, सणासुदीच्या जेवणाला किती ठेवायचे, विक्रीला किती, हे जमातीचं सरकार ठरवतं. त्यांचे स्वतःचे जीवशास्त्रज्ञ आहेत, स्वतःचे गस्तीचे अधिकारी आहेत. पश्चिम वॉशिंग्टनमधल्या 20 करारधारक जमाती नॉर्थवेस्ट इंडियन फिशरीज कमिशनमार्फत एकत्र काम करतात, पण म्हणून त्यांच्यात सगळं गोडीगुलाबीचं आहे असं समजू नका. कुठल्या जमातीची वहिवाट कुठल्या पाण्यात, यावर आपसात खटले चालतात आणि त्यातले काही नेमके खेकड्यांवरून. व्हिडबी बेटाच्या पूर्वेकडच्या पाण्यात लमी जमातीची वहिवाट नाही, असा निकाल 2023 मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने दिला. समोर उभ्या होत्या शेजारच्याच जमाती. आपल्याकडे भावकीत बांधावरून जे होतं ते जगात सगळीकडे होतं.

खरं गुंतागुंतीचं आहे ते पुढे. निम्मे, पण कशाचे निम्मे?

प्युजेट साउंडमध्ये एकूण किती खेकडे आहेत हे कोणी मोजत नाही. मोजायची गरजही पडू नये, अशी व्यवस्था आहे. फक्त नर धरायचे, तेही कवच सव्वासहा इंचांचं झाल्यावर, तेही कवच टणक असताना. नराला या मापाला यायला साधारण चार वर्षं लागतात. तोवर त्याला जोडी जमवायला एखादा-दुसरा हंगाम मिळालेला असतो. माद्या सगळ्याच्या सगळ्या सुटतात, आणि एकेक मादी दहा लाखांहून जास्त अंडी वाहते. त्यामुळे दरवर्षी मापात आलेले बहुतेक नर उचलले तरी पुढची पिढी थांबत नाही. साठा टिकवायला ही पद्धत उत्तम आहे, पण वाटणीसाठी ती कटकटीची ठरते. कारण यंदा मापात आलेला जवळजवळ प्रत्येक नर कोणाच्या ना कोणाच्या पॉटमध्ये जाणारच आहे. जो आधी उतरेल त्याला तो सहज मिळेल, मागून येणाऱ्याला एकेका खेकड्यासाठी दहा पॉट ओढावे लागतील.

म्हणून इथे टक्क्यांइतकंच महत्त्व तारखांना आहे. राज्य आणि जमाती मागच्या वर्षांची पकड आणि हंगामापूर्वीची चाचणी बघून विभागवार पौंडात आकडा ठरवतात आणि दोघांचे समान वाटे पाडतात. पण खेकडा कात टाकतो तेव्हा काही आठवडे त्याचं कवच कागदासारखं असतं, आत मांस कमी आणि पाणी जास्त. असा खेकडा धरून परत टाकला तरी अनेकदा मरतो. कात टाकण्याचा काळ विभागागणिक बदलतो. म्हणूनच सॅन वान बेटांच्या उत्तरेकडे हौशी हंगाम दक्षिणेपेक्षा पुष्कळ उशिरा उघडतो. तुम्हाला वाटतं राज्याच्या मासेमारी खात्याने तुमची सुट्टी घालवली. खात्याला तेव्हा खेकड्याचं कवच दिसत असतं. मागच्या पायाचा जाड भाग अंगठ्याने दाबून बघा. दबला तर सोडून द्या. तो ठेवणं बेकायदाही आहे आणि खाण्यात मजाही नाही.

जमातींच्या होड्या जुलैच्या आधी येतात ही तक्रार मी हजारदा ऐकली आहे. त्या काही तासांसाठी किंवा एक-दोन दिवसांसाठी उतरतात, ठरलेला आकडा भरला की बंद. एका दिवसात खूप पॉट दिसतात म्हणून डोळ्यांत भरतं. तुमचे पाच-पाच खेकडे दोन महिने आठवड्यातले पाच दिवस जातात ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, कारण ते हजारो कूलरांमध्ये वाटले गेलेले असतात. तरीही तक्रारीत तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. एखाद्या खाडीत हौशी हंगामाच्या तोंडावर मोठी पकड झाली तर त्या खाडीत जुलैचा पहिला आठवडा कोरडा जातो. हे टाळण्यासाठी काही ठिकाणी जागा आणि तारखा आपसात ठरवल्या जातात आणि ते साधतंही. पण ते समजुतीने होतं. निम्म्याला हात लावून होत नाही.

आता दुसरी वाटणी, जिथे तुमचं मत खरोखर मोजलं जातं. राज्याच्या निम्म्यात एका बाजूला सुमारे 250 व्यावसायिक परवाने, दुसऱ्या बाजूला दोन लाखांच्या घरात हौशी. नवीन व्यावसायिक परवाना मिळत नाही, असलेला विकत घ्यावा लागतो. ऑक्टोबर 2010 पर्यंत विभागवार टक्केवारी होती आणि हौशींचा उन्हाळा त्यात अडकायचा. वाटा संपला की हंगाम मध्येच बंद. त्या महिन्यात राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ कमिशनने धोरण फिरवलं. हौशींना आधी, 1 जुलै ते लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार), आठवड्यातले पाच दिवस, दिवसाला पाच खेकडे. त्यांची पकड वजा जाता जे उरेल ते व्यावसायिकांना, 1 ऑक्टोबरपासून. थोडक्यात, हौशींना टक्क्यांऐवजी वेळ मिळाला.

हौशी मंडळींनी तेव्हा विजय साजरा केला. माझं मत सांगायचं तर दिशा बरोबर होती. सार्वजनिक पाण्यात घरच्या जेवणापुरतं धरणाऱ्याला निश्चित हंगाम मिळायला हवा. शनिवारी सकाळी बोट ओढत बंदरावर यायचं आणि कालच बंद झालं असं कळायचं, यात कोणाचंच भलं नव्हतं. पण या धोरणाने अनिश्चितता नाहीशी झाली नाही, ती उचलून ऑक्टोबरातल्या 250 जणांच्या खांद्यावर ठेवली गेली. सिएटलभोवती माणसं वाढली, बोटी वाढल्या; वेळ तेवढाच, पण धरणारे हात जास्त. उरेल ते तुमचं, असं सांगितलेल्या माणसाने पॉटचं, दोरांचं, डिझेलचं कर्ज कशाच्या भरवशावर काढायचं?

आणि व्यावसायिक म्हणजे फक्त ते 250 नव्हेत. ज्याच्याकडे बोट नाही, ट्रेलर उभा करायला जागा नाही, शनिवारी सुट्टी नाही, त्याला खेकडा मिळतो तो मासळीच्या दुकानातून. बोटीतून जाणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्याचा हक्क तेवढा जनतेचा आणि दुकानातून दोन खेकडे घेणाऱ्या आजीबाईंचा मात्र धंद्याचा, ही मांडणी मला कधीच पटलेली नाही. माझ्या हातात असतं तर मी हौशींना वेळेची हमी ठेवली असती, पण खाली व्यावसायिकांसाठी एक किमान तळही घातला असता.

जमातीची आणि व्यावसायिकाची पकड फिश तिकिटावर नोंदली जाते, खरेदीच्या वेळी, पौंडापौंडाने. हौशीची पकड मात्र अंदाजाने काढतात. तुमच्याकडे जे कॅच रेकॉर्ड कार्ड असतं, ज्यावर खेकडा ठेवल्या ठेवल्या नोंद करायची असते, तेच या अंदाजाचं मूळ. कार्ड न कळवणारे खूप, म्हणून खात्याला त्यांच्यातल्या काहींना गाठून विचारावं लागतं. ज्यांना भरपूर मिळाले ते उत्साहाने कळवतात, ज्यांना काहीच मिळालं नाही ते कार्ड गाडीच्या कप्प्यात टाकून विसरतात. अंदाज दुरुस्त केला नाही तर हौशींची पकड फुगते. आणि ती फुगली की हिवाळी हंगाम तुमचाच जातो, कारण उन्हाळ्यानंतर हिशेब लागल्यावर राज्याचा वाटा शिल्लक असेल तरच हिवाळा उघडतो. एकही खेकडा मिळाला नाही, एकदाही गेला नाहीत, तरी कार्ड कळवायचं. उन्हाळी कार्डाची मुदत 1 ऑक्टोबर. विसरलात तर पुढच्या वर्षी 10 डॉलर दंड. वाटणीच्या टेबलावर हौशींची बाजू सगळ्यात कच्ची पडते ती इथे.

हरवलेले पॉट हाही हिशेबाचाच भाग. प्युजेट साउंडमध्ये दरवर्षी सुमारे 12,000 पॉट हरवतात असा अंदाज आहे. हरवलेला पॉट खेकडे धरतच राहतो. आतले मरतात आणि बाहेरच्यांसाठी आमिष होतात. हे खेकडे कोणाच्याच वाट्यात मोजले जात नाहीत, पण सगळ्यांच्याच वाट्यातून जातात. पॉटचं दार 1/8 इंचाहून जाड नसलेल्या सुती दोरीने बांधायचं ते यासाठी, म्हणजे ती कुजून दार उघडतं. नायलॉनने बांधलेलं दार मी कित्येकदा पाहिलं आहे आणि दर वेळी संताप आला आहे. छोटे खेकडे निसटावेत म्हणून सव्वाचार इंची दोन कड्या उघड्या ठेवा, दोर खोलीपेक्षा एक तृतीयांशाने जास्त आणि बुडणारा घ्या, आणि फेरीबोटीच्या मार्गात पॉट टाकू नका. उरण-अलिबागकडे चिंबोऱ्यांना फग (खेकड्यांचा सापळा) लावणारा माणूस फगाजवळच असतो. इथे लोक पॉट टाकून ब्रंचला जातात आणि ओहोटी पॉट घेऊन जाते.

दक्षिणेकडे, टॅकोमा नॅरोजच्या पलीकडच्या पाण्यात आणि हूड कॅनालच्या खालच्या भागात, 2018 पासून हौशींना डन्जनेस धरता आलेला नाही. तिथे मापाचे खेकडेच राहिले नाहीत. मोठे नरच धरा या नियमाने मादी वाचते, पण समुद्रातून वाहत येणारी पिल्लं त्या कोपऱ्यापर्यंत पोचलीच नाहीत तर नियम काय करणार. आता जमाती, राज्य आणि संशोधक मिळून रात्री दिव्याचे सापळे लावून ही पिल्लं मोजतात, म्हणजे तीन-चार वर्षांनी काय येणार याचा आधी सुगावा लागावा. या कामात स्विनोमिश जमात पुढे आहे. परक्या युरोपियन ग्रीन क्रॅबच्या बाबतीतही तेच: 2021 मध्ये लमी जमातीने आपल्या सी पाँडमधून (समुद्राच्या पाण्याच्या तळ्यातून) 70,000 हून अधिक ग्रीन क्रॅब काढले, आणि राज्याने आणीबाणी जाहीर केली ती त्यानंतर, जानेवारी 2022 मध्ये. निम्मा वाटा घेणारे राखणीचं ओझंही वाहतात, हे वाटणीबद्दल बोलताना ध्यानात घ्यावं.

कोकणातल्या वाचकांना पर्ससीनचा, म्हणजे मोठ्या घेरजाळ्यांचा, वाद आठवेल. महाराष्ट्रात 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी 2016 मध्ये पर्ससीनवर निर्बंध आले. पण तिथे भांडण किनाऱ्यापासूनच्या अंतरावर, जाळ्याच्या आसावर (छिद्रांच्या मापावर) आणि महिन्यांवर होतं. पारंपरिक मच्छिमाराचा वाटा किलोत लिहून ठेवलेला कुठेच नाही. त्यामुळे दर नव्या आदेशासाठी त्याला पुन्हा मोर्चा काढावा लागतो. इथल्या जमातींकडे 1855 चा कागद होता, आणि तरी तो वाचून घ्यायला त्यांना 1974 पर्यंत, खेकड्यांसाठी 1994 पर्यंत थांबावं लागलं.

राहिला पोटप्रश्न. जमातीच्या परवानाधारक मच्छिमाराकडून थेट खेकडे घ्यायला हरकत नाही, ती वैध विक्री आहे. मात्र पावती मागून घ्या आणि घरी पोचेपर्यंत जवळ ठेवा, म्हणजे वाटेत अधिकाऱ्याने कूलर उघडला तर हे खेकडे तुमच्या पाचांत धरले जाणार नाहीत. ओळखीचा कोणी हौशी "जास्तीचे आहेत, डझनाचे इतके दे" म्हणाला तर घेऊ नका. हौशी परवान्यावर धरलेला खेकडा विकता येत नाही. भेट देता येतो, पण तो धरणाऱ्याच्या पाचांतलाच हवा आणि त्याच्या कार्डावर नोंदलेला हवा.